पोरं उसावर नकोत



हंगाम सुरू झालाय. आपल्या इचलकरंजीच्या आजूबाजूला गंगानगर, हुपरी, नरंदे, शिरोळ, कुठल्याही रस्त्याला लागा, पुढं उसाची ट्रॉली आहेच. दरवर्षी या दिवसांत मी लागण, खोडवं, पाचट, पाणी यावरच लिहितो. आज पिकावर लिहिणार नाही. ट्रॉलीत आणि ट्रॉलीवर बसणाऱ्या पोरांवर लिहिणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

माझं म्हणणं सरळ आहे. भरलेल्या उसाच्या ट्रॉलीवर लहान पोर बसवायचं नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवायचं नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांडीवर तर माणूससुद्धा उभा करायचा नाही. टोळीचं बिऱ्हाड एका फडावरनं दुसऱ्या फडावर हलवायचं असेल तेव्हा पोरांना वेगळी गाडी करायची, आणि तिचा खर्च ज्याचा ऊस जातोय त्याच्यासकट सगळ्यांनी मिळून करायचा.

हे डोक्यात यायला कारण एक व्हिडिओ. आमच्या भावकीतला एक पोरगा नेदरलँडला नोकरीला आहे. तिथं सायकलला मागं छोटी ट्रॉली जोडतात आणि त्यात पोरं बसवून शाळेला, बाजाराला नेतात. त्यानं स्वतःच्या दोन पोरांचा व्हिडिओ पाठवला. घरातली म्हातारी माणसं हसली, म्हणाली पोरांना गाडीला जुंपलंय काय. मी मात्र तो चार-पाच वेळा बघितला. आपण आयुष्यभर ट्रॉली ओढतो, त्यामुळं दुसऱ्याची ट्रॉली दिसली की पहिली नजर हुकावर जाते.

त्या ट्रॉलीची रचना ऐका. बसायची जागा दोन चाकांच्या मधे, जमिनीपासून वीतभर वर. म्हंजे उलटायची भीती कमी, आणि पडलं तरी उंचावरनं पडत नाही. पोराला दोन्ही खांद्यांवरनं, कमरेवरनं आणि पायांच्या मधनं पट्टा. चारी बाजूंनी नळीचा सांगाडा, वर कापड. जोडणी सायकलच्या मागच्या चाकाच्या आसाजवळ, आणि ती अशी फिरती की चालवणारा सायकलसकट आडवा झाला तरी ट्रॉली शक्यतो उभीच राहावी. हुकाशिवाय वेगळा एक पट्टा सायकलच्या सांगाड्याला बांधलेला, हूक निघालाच तर ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून. ट्रॉली बुटकी, मोटारवाल्याला दिसत नाही, म्हणून मागं उंच काठीवर भगव्या रंगाचं निशाण. आणि पोर बसतं झाल्याशिवाय, मान नीट धरून डोक्यावरच्या हेल्मेटचं ओझं पेलल्याशिवाय, साधारण वर्षाचं झाल्याशिवाय त्यात बसवायचं नाही.

एवढं सगळं कशासाठी, तर सायकलसाठी! माणूस पायानं मारतो तेवढाच वेग.

तिथंही धोका आहेच, पोरगा सांगत होता. ट्रॉली सायकलपेक्षा रुंद, त्यामुळं सायकल निघून जाते आणि ट्रॉलीचं एक चाक कट्ट्यावर चढतं. वळणावर जोरात घेतलं आणि चाक दगडावर गेलं की ट्रॉली आडवी. हे ऐकून मला हसू आलं, कारण आपल्याकडं नवीन ड्रायव्हर बांधाच्या कोपऱ्यावरनं ट्रॉली नेताना हेच करतो. पुढचा गेला म्हणून मागचं जातंय असं नसतं. मागचं चाक आतनं कापतं. दोन ट्रॉल्या असल्या तर दुसरी अजून आतनं.

आता आपल्याकडची गोष्ट. सायकल-ट्रॉली इचलकरंजीत आणा असं मी म्हणणार नाही. मागाची सुताची गठ्ठी घेऊन धावणारे टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या, वडापच्या गाड्या आणि मोटरसायकली यांच्यात ती बुटकी ट्रॉली आणि त्यात पोर, ही कल्पनाच नको. पाणंदीनं घर ते मळा असं कुणी नेलं तर माझी हरकत नाही. आपली पोरं ज्या ट्रॉलीत बसतात ती वेगळी आहे. ती ट्रॅक्टरच्या मागं आहे आणि तिच्यात पट्टाबिट्टा काही नाही.

कुठं कुठं बसतात बघा. फडातनं भरून निघालेल्या ट्रॉलीच्या शेंड्यावर, उसाच्या मोळ्यांवर, आईच्या कुशीत. रिकाम्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी यांच्याबरोबर. गणपतीला मंडळाच्या ट्रॉलीत उभी. जत्रेला जाताना फाळक्यावर पाय बाहेर सोडून. आणि आपल्या घरचं लाडकं असलं तर ड्रायव्हरच्या शेजारी मडगार्डवर. ट्रॅक्टरवर बसायला कुठल्या पोराला आवडत नाही?

मडगार्डचं आधी सांगतो. ट्रॅक्टरला जीप-मोटारीसारख्या स्प्रिंगा नसतात. एक खड्डा आला की मडगार्डवरचं माणूस वर उडतं. मोठं माणूस हातानं धरतं. पाच वर्षांचं पोर कशानं धरणार? आणि पडलं तर लांब पडत नाही. त्याच मडगार्डखालच्या मोठ्या चाकापुढं पडतं. ड्रायव्हरनं ब्रेक दाबेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असतं. मधल्या दांडीवर उभा राहणाऱ्याचंही तसंच, फक्त तिथं ट्रॉलीचं चाक.

भरलेल्या ट्रॉलीचं गणित वेगळं. आपला ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. मागं दोन ट्रॉल्या लावल्या की पंधरा-वीस टन ऊस सहज असतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. म्हंजे अडीच टनाच्या गड्यानं वीस टनाच्या ओझ्याला थांबवायचं. सपाट रस्त्यावर जमतं. ओढ्याच्या पुलाचा उतार आला की मागचं ओझं पुढच्याला ढकलायला लागतं. त्यात कोण डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो. मग ट्रॉली कोण ओढतंय आणि कोण ढकलतंय हेच कळत नाही. ट्रॅक्टर एकीकडं वळतो, ट्रॉली दुसरीकडं, आणि मधे घडी पडते. किंवा चढाला पुढची चाकं उचलतात, स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. वर मोळ्यांवर बसलेल्या बाईला आणि पोराला यातलं काही दिसत नाही. त्यांना एक हिसका बसतो तेवढाच.

आणि मोळ्यांवर धरायला असतं काय? ऊसच. जो दोरानं आवळलाय आणि हिसक्यानं सरकणार आहे. वरनं रस्त्यावर आडव्या आलेल्या विजेच्या तारा आणि झाडाच्या फांद्या. रात्रीची खेप असली तर झोप. दिवसभर कोयता चालवलेली बाई त्या उसावर बसून जागी राहील अशी अपेक्षा तरी कशी ठेवायची?

"आम्ही पण लहानपणी असंच गेलो, काय झालं आम्हाला?" हे मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं. तुम्ही गेला ते बैलगाडीतनं. मी पण गेलोय. बैल माणसाच्या चालीनं चालतो. समोर खड्डा दिसला तर स्वतः थांबतो. पोर खाली पडलं तर गाडीवान हो म्हणेपर्यंत बैल उभा. ट्रॅक्टर रिकामा असला की पंचवीस-तीसच्या वेगानं पळतो, आणि वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. बैलगाडीची सवय आपण ट्रॅक्टरला लावली. गाडी बदलली, बसायची रीत तीच राहिली.

काय झालं विचारता, तर काय झालं ते पेपरात येऊन गेलंय. २०२५ च्या एप्रिलमध्ये, ४ तारखेला, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बायका हळदीच्या कामाला ट्रॅक्टरनं निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यात आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. रोजगाराला निघालेल्या. उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूरला १ ऑक्टोबर २०२२ ला देवदर्शनाहून आणि पोराचं जावळ काढून परत येणारी ट्रॉली तळ्यात उलटली. पंचवीसपेक्षा जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक बायका आणि लहान पोरं. पुन्हा २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच राज्यात कासगंजला गंगास्नानाला निघालेली ट्रॉली तळ्यात गेली. तिथंही वीसच्या वर. आणि लांब कशाला जायचं? २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शिरोळ तालुक्यात अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यात ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून माणसं वाहून गेली. कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातल्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी २०१९ ला आणि २०२१ ला ट्रॅक्टरनंच माणसं, जनावरं काढली आहेत. त्यावेळी दुसरं साधन नव्हतं, ट्रॅक्टरनं जीव वाचवले हे मी नाकारत नाही. पण पाण्याखाली रस्त्याची कड दिसत नसेल आणि पाण्याला ओढ असेल तर ट्रॉलीत पोरं घालून जायचं नाही. ट्रॉली रिकामी असली की पाणी तिला आधी उचलतं, मग ती ट्रॅक्टरला ओढून नेते.

या सगळ्या अपघातांत एक गोष्ट सारखी दिसते. ट्रॉली उलटते तेव्हा आतली माणसं एकावर एक पडतात आणि वरनं ट्रॉली. बाहेर निघायला वाट नसते. खालची कायम बुटकी माणसं, म्हंजे पोरं.

नेदरलँडचीच अजून एक गोष्ट सांगतो, कारण ती मला जास्त लागली. तिथं पाळणाघरातली पोरं न्यायला एक विजेवर चालणारा गाडा होता, पुढं पेटीत पोरं, मागं उभी राहून चालवणारी बाई. २० सप्टेंबर २०१८ ला ऑस नावाच्या गावात रेल्वे फाटकावर असा एक गाडा आगगाडीपुढं गेला आणि चार पोरं गेली. दोन आठवड्यांच्या आत सरकारनं तसले सगळे गाडे देशभर रस्त्यावरनं बंद केले. अगोदर बंद केले, तपास नंतर. पाळणाघरांची अडचण झाली, आई-बापांनी ओरड केली, तरी बंद. आपल्याकडं उलटं. अपघात झाला की दोन दिवस हळहळ, तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं त्याच ट्रॉलीत.

कायद्याचंही जरा समजून घ्या. मोटरसायकलवर चार वर्षांच्या आतलं पोर न्यायचं असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा पाहिजे, डोक्यावर हेल्मेट पाहिजे, वेग चाळीसच्या वर नको, असा केंद्राचा नियम २०२२ च्या फेब्रुवारीत निघाला आणि वर्षानं लागू झाला. कितीजण पाळतात ते सोडा, नियम तरी आहे. ट्रॉलीत पोर कसं बांधायचं याचा नियम शोधायला जाऊ नका, कारण शेतीची ट्रॉली माणसं न्यायला मुळात धरलेलीच नाही. ती मालाची गाडी. विम्याचंही तसंच. ट्रॅक्टरचा विमा भरलाय म्हणून ट्रॉलीतल्या माणसाचा विमा झाला, हा गैरसमज लई जणांचा आहे. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं ट्रॉलीतनं जाताना जखमी झालेल्या एका मजुराचं प्रकरण आलं होतं. कोर्टानं सांगितलं की कायद्यानं विमा कंपनीवर ही जबाबदारी येत नाही. मजूर गरीब म्हणून कोर्टानं स्वतःचा खास अधिकार वापरला, कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडनं वसूल करावेत असं सांगितलं. म्हंजे शेवटी ओझं कुणाच्या बोकांडी, ते तुम्हीच बघा. माझ्या ओळखीच्या दोन ट्रॅक्टर मालकांना हे सांगितलं तेव्हा पोरांच्या जिवापेक्षा ही गोष्ट त्यांनी जास्त कान देऊन ऐकली. असो. कशानं का होईना, ऐकली.

आता टोळीची बाजू. त्यांना दोष देणं सगळ्यात सोपं. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडनं नवरा-बायको कोयत्याची जोडी म्हणून येतात. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. घरी पोरांना बघायला म्हातारं माणूस असेल तर पोरं मागं राहतात, नसेल तर बरोबर येतात. मागच्या हंगामात मी टोळीच्या मुकादमाला म्हटलं, "दादा, ती पोरं उसावरनं खाली घ्या आधी." तो म्हणाला, "पाटील, लेकरं कुठं ठिवावीत मग? कोपीत एकलीच?" त्याचा प्रश्न खरा होता. फड सात-आठ किलोमीटरवर, कोप्या कारखान्याच्या तळावर, आणि पहाटे तीन-चारला निघायचं. पोरं मागं ठेवली तर चुलीची आणि कुत्र्यांची भीती. बरोबर नेली तर ट्रॉली. आणि फडात नेल्यावर उसाच्या पाल्यात, गोधडीवर झोपवलेलं पोर आणि मागं येणारी ट्रॉली, हा आणखी वेगळा धोका. मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला पाल्यातलं पोर दिसत नाही. अशा बातम्या हंगामात येतातच.

म्हणून नुसतं "पोरं बसवू नका" असं म्हणून आपण मोकळं व्हायचं नाही. ऊस आपला आहे.

माझ्या फडापुरतं मी काय ठरवलंय ते सांगतो. तोड ठरवतानाच मुकादमाला सांगायचं की येताना आणि जाताना पोरं आणि अंगावरचं पोर असलेल्या बायका वडापच्या जीपनं येतील. खर्च मी देणार, एक खेप सकाळी, एक संध्याकाळी. आमच्या गल्लीतले आम्ही तिघे-चौघे एकाच टोळीकडनं तोडून घेतो, त्यामुळं वाटून घेतला तर एकेकाच्या वाट्याला फार येत नाही. तोडणीच्या वेळी खुशाली म्हणून, एंट्री म्हणून, जेवण म्हणून आपण काय काय देतो ते प्रत्येकाला माहीत आहे, मी आकडा लिहीत नाही. त्यातल्या एका खुशालीत जीपच्या दोन खेपा बसतात.

दुसरं, फडात आल्यावर पोरांना बसायची जागा ट्रॉलीच्या वाटेच्या पलीकडं, बांधाच्या आत, झाडाखाली. चार बांबू, एक ताडपत्री, पाण्याची कळशी. आणि घरातलं एक मोठं माणूस तिथं बसलेलं. आमच्याकडं हे काम आमच्या आईनं स्वतःहून घेतलंय. ती म्हणते माझं तरी दुसरं काय काम राहिलंय. ट्रॉली मागं घेताना एकजण खाली उभा राहून शिट्टी मारणार, शिट्टी वाजल्याशिवाय ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकायचा नाही. ड्रायव्हर कुरकुरला, "मामा, रोज भरतोय, आता काय हुतंय?" मी म्हटलं, बाबा, तुला काही होत नाही, खरं आहे.

रिकाम्या ट्रॉलीनं जायची वेळ आलीच, म्हंजे रात्री बिऱ्हाड हलवायचंय, जीप मिळत नाही, तर निदान एवढं करा. एकच ट्रॉली. फाळका बंद, त्याला खिळ आणि वर तार. माणसं ट्रॉलीच्या तळाला बसलेली, पुढच्या बाजूला, कडेवर कुणी नाही, उभं कुणी नाही. भांडी, पेट्या, लाकडं यांना वेगळं बांधायचं, नाहीतर ब्रेक लागला की पेटी पोराच्या अंगावर जाते. हुकाची पिन तपासायची, पिनला खालनं क्लिप आणि बाजूनं जाड साखळी. (त्या सायकल-ट्रॉलीच्या जादा पट्ट्याचं कामच ही साखळी करते. दोनशे-तीनशेची साखळी आपण घेत नाही आणि लाखभराचा साऊंड लावतो.) साऊंड बंद, म्हंजे पोर ओरडलं तर ड्रायव्हरला ऐकू येईल. मागं लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा. आणि वेग बैलापेक्षा थोडाच जास्त. हे सगळं केलं तरी ट्रॉली माणसांची गाडी होत नाही, एवढं डोक्यात ठेवूनच निघायचं.

कारखान्यांनी काय करावं यावर मी सभेत बोललोय, परत बोलेन. वाहतुकीचा करार करताना ट्रॅक्टरचे कागद बघतात, ट्रॉलीची मापं बघतात. त्याच करारात एक ओळ घालायला काय हरकत आहे, की वजनकाट्यावर आलेल्या उसावर पोर दिसलं तर त्या खेपेची वाहतूक कापली जाईल? काट्यावर तर प्रत्येक ट्रॉली उभी राहतेच. तिथं बघायला वेगळा माणूस लागत नाही. पण दंडाची ओळ एकटी घातली तर पोरं काट्याच्या अगोदर दोनशे मीटरवर उतरवतील आणि पुढं परत चढवतील, हेही मला माहीत आहे. त्यामुळं तळावर पोरांना सांभाळायची सोय आणि ही ओळ, दोन्ही बरोबरच पाहिजेत. साखरशाळा काही ठिकाणी चालतात, पण शाळेची वेळ दहाची आणि तोड निघते पहाटे. अडचण त्या मधल्या तासांची आहे.

आमच्या फडाची पाळी पुढच्या आठवड्यात येईल असं स्लिपबॉयनं सांगितलंय. जीपवाल्याशी बोलणं झालंय, तो पहाटे चारला यायला तयार आहे, फक्त परतीची वेळ नक्की सांगा म्हणतो आणि तोडीला परतीची वेळ कधी नक्की नसते. आपल्या भागात कुणी असा प्रयोग केला असेल, पोरांसाठी वेगळी गाडी लावली असेल, तर संध्याकाळची खेप कशी बसवली ते खाली लिहा. खर्च कसा वाटला तेही लिहा, लाजू नका.